निरभ्र आकाश, रिकामा रॅम्प



आज मला पाऊस, पैसा आणि आपल्या वॉशिंग सेंटरचा गल्ला यांच्याबद्दल बोलायचे आहे.

यंदा धंदा कसा झाला, असे आपल्यापैकी कुणालाही विचारा. उत्तर बहुधा एकच येते, पावसाने खाल्ला. ते खोटे नाही. 2025 साली मुंबईत मोसमी पाऊस 26 मे रोजी दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख 11 जून. मेचा दुसरा पंधरवडा म्हणजे सुट्ट्या, लग्ने, गावाहून परतलेल्या धुळकट गाड्या, आपल्या हक्काचे दिवस. तेच पाण्यात गेले. पण पाऊस आपल्यापर्यंत दोन वाटांनी येतो आणि आपल्याला त्यातली एकच दिसते, असे माझे ठाम मत आहे.

माझे सेंटर पिंपळगाव बसवंतजवळ, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून आहे. निम्मी गिऱ्हाइके मोटारवाली, निम्मी शेतकरी आणि मालवाहतूकदार, म्हणजे पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टर. 2023 च्या जुलैत टोमॅटो किरकोळ बाजारात शंभरी ओलांडून गेला. बाहेर रिपरिप चालू, रस्त्यावर चिखल, आणि तरीही पिकअप रांगेला लागलेल्या. ज्यांच्याकडे तेव्हा माल होता त्यांनी गाडी आतून-बाहेरून धुऊन घेतली, सीट कव्हर बदलली, कुणी पॉलिशही मारून घेतले. पुन्हा चिखल उडणार हे त्यांना दिसत नव्हते का? दिसत होते. पण हातात पैसा होता.

त्याच वर्षीचा डिसेंबर आठवा. स्वच्छ ऊन, कोरडी हवा, रस्त्यावर धूळ. गाडी धुवायला याहून चांगला महिना नाही. पण 8 डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद झाली आणि भाव कोसळले. माझा रॅम्प दुपारी-दुपारी रिकामा राहू लागला. कामाची मुले पाण्याची गन भिंतीला टेकवून उन्हात बसलेली असायची. ती बंदी उठायला मे 2024 उजाडला. बंदीच्या आधी, नोव्हेंबरअखेर, निफाड तालुक्यात गारपिटीने द्राक्षबागा झोडपल्या होत्या. गारपीट झाली त्या दिवशी माझे नुकसान एक-दोन दिवसांच्या गल्ल्याचे. खरा फटका बसला तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा द्राक्षाचे पैसे बागायतदारांच्या हाती यायचे होते आणि आले नाहीत. तेव्हा आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. पण ती गारपीटच होती, तीन महिन्यांनी माझ्या दारात आलेली.

म्हणून या दोन नुकसानींचा हिशेब वेगळा ठेवा. पावसाने गिऱ्हाईक थांबते, संपत नाही. उघडीप पडली की चार दिवसांत मडगार्डखाली वाळलेली काळी माती घेऊन ते येतेच. पैशाच्या ओढीचे तसे नसते. दर आठवड्याला येणारा माणूस पंधरवड्याने येऊ लागतो, पंधरवड्याचा महिन्याने. तो सांगत नाही, भांडत नाही, दुसऱ्याकडेही जात नाही. घरीच बादली-फडके घेतो. आधी सिरॅमिक कोटिंग बंद होते, मग इंटिरियर, मग फोम वॉश. शेवटी नुसते पाणी मारून द्या म्हणतो. हा उतार नोंदवहीत महिनोन्‌महिने दिसत असतो. आपण मात्र आकाशाकडे पाहत बसतो.

आता आकड्यांत बोलू. समजा, एका मध्यम सेंटरवर दिवसाला 20 गाड्या, गाडीमागे 300 रुपये, महिन्याला 26 दिवस. जमा झाली 1,56,000. भाडे, चार मुलांचे पगार, मशिनरीच्या कर्जाचा हप्ता आणि वीज मिळून 1,10,000. शॅम्पू, टँकरचे पाणी वगैरे गाडीमागे 50 धरले तर 26,000. मालकाच्या हातात 20,000. यातले फक्त पाच दिवस पावसात जाऊ द्या. जमा 30,000 ने घटते, वाचतात ते शॅम्पू-पाण्याचे 5,000. वीस हजारांचा नफा जाऊन पाच हजारांचा तोटा उभा राहतो. आणि ते पाच दिवस शनिवार-रविवारचे असतील तर विचारायलाच नको.

याच गणितात उपायही दडलेला आहे. गाडी धुण्याचा चालू खर्च 50 आणि दर 300. म्हणजे धुतल्यापासून तीन दिवसांत पाऊस झाला तर पुन्हा बाहेरून फुकट धुऊन देऊ, असे सांगणे आपल्याला महाग पडत नाही. ती गाडी मंदीच्या दिवशी येते, मुले तशीही रिकामी असतात. आणि हे सांगण्याची आज गरज आहे, कारण गिऱ्हाईक आता ढग पाहत नाही, मोबाइल पाहते. हवामान खात्याने जिल्ह्याला यलो अलर्ट दिला की रविवारच्या गाड्या शुक्रवारीच रद्द होतात, मग रविवारी कडक ऊन का पडेना. न पडलेल्या पावसाने बुडणारा हा धंदा थोडा नाही.

मंदीवर मात्र असा सोपा तोडगा नाही. दर पाडून गिऱ्हाईक ओढण्याला माझा विरोध आहे. एकाने 300 चे 200 केले की महामार्गावरच्या सगळ्यांना करावे लागतात, आणि भाव सुधारले तरी दर पुन्हा वर जात नाहीत. त्यापेक्षा हंगाम ओळखा. मेमध्ये पावसाआधीचे अंडरबॉडी कोटिंग, पावसाळ्यात सीटचा कुबट वास काढण्याचे आणि आतल्या सफाईचे काम, खंडेनवमीच्या आदल्या दोन दिवसांसाठी जादा माणसे. 22 सप्टेंबर 2025 ला, ऐन घटस्थापनेला, लहान मोटारींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्या दसऱ्याला नव्या गाड्या दारात उभ्या राहिल्या. नवी गाडी घेणारा पहिले वर्षभर तिला जपतो. त्याला पहिल्याच महिन्यात आपल्याशी जोडून घ्या.

पाण्याबद्दल थोडे कडक बोलणार आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी गेले. मार्च 2024 मध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास 5,000 रुपये दंड लागला. टंचाई आली की पहिले बोट आपल्याकडे वळते, आणि हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायांसमोर आपली गन चालू असेल तर ते वळायलाच हवे. दुष्काळी वर्षात आपल्यावर दोन्ही बाजूंनी वार होतो. शेतकऱ्याकडे पैसा नसतो आणि टँकरचा दर चढलेला असतो. गाळ बसवायची टाकी, तेल वेगळे करणारा कप्पा आणि साधा फिल्टर एवढ्यावर धुतलेले बरेचसे पाणी चाके, मडगार्ड आणि पहिल्या फवाऱ्यासाठी पुन्हा वापरता येते. शेवटचा हात तेवढा ताज्या पाण्याचा. ज्यांच्या बोअरला क्षार जास्त आहेत त्यांना तर पांढरे डाग टाळण्यासाठी शेवटचे पाणी चांगले लागतेच. हा खर्च पाऊस चांगला झालेल्या वर्षी करायचा. दुष्काळात तो कुणालाच झेपत नाही.

आता जे मला सर्वांत जवळचे वाटते ते. मघाच्या हिशेबात मी चार मुलांचे पगार धरले. पुष्कळ सेंटरवर ते पगार नसतात, रोजंदारी असते. म्हणजे पाच दिवस पाऊस पडला की मालकाचा तोटा मुलांच्या अंगावर सरकतो. दिवसभर ओल्यात उभे राहून त्यांच्या पायांना चिखल्या झालेल्या असतात, शॅम्पूने बोटांची सालटी निघतात, आणि पाऊस आला की घरी जा, आज हजेरी नाही. आभाळाचा धोका पत्करायला आपल्याकडे निदान यंत्रे आहेत, बँकेचे खाते आहे. त्यांच्याकडे फक्त उद्याची हजेरी आहे. मंदीत अशी मुले दुसऱ्या कामाला लागतात, आणि दसऱ्याला गर्दी झाली की आपणच म्हणतो, माणसे मिळत नाहीत.

यासाठी दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कायम मुलांना पाऊस असो वा नसो, महिन्याचा ठरलेला पगार द्यायचा. त्यासाठी हिवाळा-उन्हाळ्यातल्या प्रत्येक गाडीमागे दहा रुपये बाजूला काढून वेगळ्या खात्यात ठेवायचे. माझ्या मघाच्या उदाहरणात 20 गाड्यांचे दिवसाला 200, महिन्याला 5,200, आठ महिन्यांचे 41,600 होतात. चार महिन्यांतल्या बुडालेल्या दिवसांच्या हजेरीचा मोठा भाग त्यातून निघतो. शिवाय प्रत्येकाने रोजच्या वहीत तीन रकाने आखायचे. गाड्या किती आल्या, पाऊस होता का, आणि आपल्या भागातल्या मुख्य पिकाचा बाजार समितीतला त्या दिवसाचा भाव. शहरातल्यांनी भावाच्या जागी पगाराची तारीख आणि सणवार लिहावेत. वर्षभराने त्या वह्या घेऊन पुन्हा बसू.

ठरावावर मतदान होण्याआधी खुली चर्चा आहे. दहा रुपये जास्त वाटतात किंवा कमी पडतील असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या सेंटरचे आकडे घेऊन माइकपाशी यावे.