शाळेतील पहिला क्रमांक आणि पुढील आयुष्य
(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



आताच या व्यासपीठावरून आपण आपल्या गुणवंत मुलामुलींना नारळ, पुष्पगुच्छ आणि पारितोषिके दिली. त्यांच्या आईवडिलांच्या मुद्रेवरील समाधान आपण सर्वांनी पाहिले. हा सोहळा उचितच आहे. विद्येचा मान राखणे ही आपल्या मंडळाची जुनी परंपरा आहे व ती अशीच चालत राहावी. परंतु टाळ्यांचा गजर ओसरल्यावर एक प्रश्न मनात उभा राहतो. शाळेत जी मुले सर्वांत हुशार ठरतात, ती पुढे मोठेपणी कशी निघतात? या प्रश्नाचा थोडा विचार आज आपल्यासमोर मांडावा असे आम्ही योजले आहे.

या बाबतीत आपल्या समाजात दोन समज प्रचलित आहेत, आणि गंमत अशी की ते परस्परविरुद्ध असूनही एकाच घरात सुखाने नांदतात. पहिला समज असा की, जो शाळेत पहिला तो आयुष्यातही पहिला. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात. दुसरा समज असा की, पहिला येणारा पुढे कुठेतरी कारकुनी करतो आणि मागच्या बाकावरचा कारखान्याचा मालक होतो. आपला मुलगा पहिला आला की आपण पहिला समज उराशी धरतो, आणि शेजाऱ्याचा आला की दुसरा! वस्तुस्थिती या दोहोंपेक्षा निराळी आहे, आणि सुदैवाने तिचा पद्धतशीर शोध घेतला गेलेला आहे.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांनी १९२१ साली कॅलिफोर्निया प्रांतातील शाळांतून अतिशय बुद्धिमान मुले निवडण्यास प्रारंभ केला. बुद्ध्यंक १३५ वा त्याहून अधिक, म्हणजे शंभरांत एखादेच आढळावे अशी सुमारे दीड हजार मुलेमुली त्यांनी निवडली आणि त्यांच्या आयुष्याचा मागोवा अखेरपर्यंत घेतला. १९५६ साली टर्मन निवर्तले, तरी ते काम त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दशकानुदशके चालू ठेवले. ही मुले शिकली, पदवीधर झाली, प्राध्यापक, डॉक्टर, वकील, अभियंते झाली. हुशार मूल पुढे अशक्त, विक्षिप्त वा दुःखी होते हा त्या काळचा लोकापवाद साफ खोटा ठरला. सर्वसाधारण माणसापेक्षा त्यांचे बरेच चांगले चालले होते.

तथापि या कथेला दुसरीही बाजू आहे. ज्या मुलांची चाचणी झाली परंतु गुण कमी पडले म्हणून ज्यांना निवडीतून वगळले, त्यांत विल्यम शॉक्ली आणि लुइस अल्वारेझ हे दोन मुलगे होते. शॉक्ली यांना ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल १९५६ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, तर अल्वारेझ यांना १९६८ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निवडलेल्या दीड हजारांपैकी मात्र एकालाही तो मान लाभला नाही. चाळणी चांगली होती, पण तिच्या छिद्रांतून दोन रत्ने निसटली ती निसटलीच.

याहून बोधप्रद असे आणखी एक काम टर्मन यांनी केले. निवडलेल्या मुलांपैकी जे पुरुष कर्तृत्वात सर्वांत पुढे गेले असे दीडशे आणि सर्वांत मागे राहिले असे दीडशे, यांची त्यांनी तुलना केली. दोन्ही गटांच्या बालपणीच्या बुद्धीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. फरक होता तो चिकाटीत, एका ध्येयाकडे सारे प्रयत्न वळविण्याच्या सवयीत आणि आत्मविश्वासात. आणि फरक होता घरात! पुढे गेलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांचे वडील पदवीधर होते. मागे राहिलेल्यांत हे प्रमाण त्याहून पुष्कळच कमी होते. बुद्धी ही जन्मजात व सर्वसमर्थ आहे अशा ठाम समजुतीने ज्यांनी कामास आरंभ केला, त्यांच्याच आकड्यांनी हे सांगावे, यास आम्ही विशेष महत्त्व देतो. बी सारखेच होते. जमीन आणि पाणी सारखे नव्हते.

पुढे १९८१ साली त्याच देशातील इलिनॉय राज्यात, आपापल्या शाळेत पहिल्या आलेल्या ८१ विद्यार्थ्यांचा असाच मागोवा कॅरन आर्नल्ड या विदुषींनी घेतला. त्यांत ४६ मुली व ३५ मुलगे होते. महाविद्यालयातही त्यांनी उत्तम गुण मिळविले. पुढे बहुतेक जण चांगल्या नोकऱ्यांत स्थिरावले. परंतु नवी वाट पाडणारे त्यांत विरळा. आर्नल्ड यांचा निष्कर्ष असा की, ही मुले नेमून दिलेले काम मन लावून, वेळेवर आणि नीटनेटके करणारी होती. शाळा ज्या गुणाचे पारितोषिक देते तो गुण मुख्यतः हाच होय.

हा गुण हलका आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्या डॉक्टरच्या हाती आपण आपला जीव सोपवितो, ज्या अभियंत्याच्या पुलावरून जातो, त्यांच्या ठिकाणी हाच गुण असावा अशी आपली अपेक्षा असते. परंतु शाळेत प्रश्न दुसरा कोणी काढतो, उत्तर पुस्तकात असते आणि निकाल जूनपर्यंत लागतो. आयुष्यात प्रश्न आपणच शोधावा लागतो, उत्तर कोणत्याही पुस्तकात नसते, आणि निकाल वीस वर्षांनी लागला तर लागतो. पहिल्या परीक्षेच्या तयारीने दुसऱ्या परीक्षेची तयारी आपोआप होत नाही.

त्यात आणखी एक अडचण आहे. प्रत्येक शाळेचा एक पहिला असतो, आणि असे सगळे पहिले पुढे एकाच वर्गात येऊन बसतात. मग त्यांतीलही कोणीतरी चाळिसावा येणारच. ज्या मुलाने जन्मात कधी दुसरा क्रमांक पाहिला नाही, त्याला हा चाळिसावा क्रमांक म्हणजे आकाश कोसळल्यासारखे वाटते. अपयश पचविण्याची सवय त्याला कोणी लावलेलीच नसते. राजस्थानातील कोटा शहरी, जेथे देशभरातील हुशार मुले प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी जातात, तेथे २०२३ या एका वर्षात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. ती मुले मठ्ठ नव्हती. आपापल्या गावची ती हुशार मुलेच होती. आपल्या घरांतूनही मुले अशा वर्गांना जातात. म्हणून मुलाला पहिले येण्यास शिकविताना, पहिले न आल्यास काय करावे हेही शिकविणे हे मातापित्यांचे कर्तव्य आहे, असे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो.

आता आपल्या देशातील उदाहरणे पाहू. श्रीनिवास रामानुजन हे कुंभकोणमच्या शाळेतील नामवंत विद्यार्थी. १९०४ साली गणिताचे पारितोषिक घेऊन ते शाळेतून बाहेर पडले आणि शिष्यवृत्तीवर महाविद्यालयात गेले. तेथे गणितावाचून अन्य विषयांत त्यांचे मन रमेना. शिष्यवृत्ती गेली, पुढे मद्रासच्या महाविद्यालयातूनही ते परीक्षेत नापास झाले. शाळेच्या भाषेत सांगावयाचे तर एका हुशार मुलाचे वाटोळे झाले! मग ते तरले कशाने? एक तर वह्यांची पाने भरीत राहण्याच्या आपल्या छंदाने, आणि दुसरे, माणसांनी. नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी त्यांच्या वह्या पाहिल्या आणि काही काळ त्यांच्या निर्वाहाचा मासिक खर्च स्वतः सोसला. १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये त्यांना कारकुनी मिळाली, १९१३ साली त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिले, आणि १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. परीक्षेने सोडून दिलेल्या मुलाला ज्या हातांनी सावरले, ते हात नसते तर? असे किती रामानुजन आपल्या गावोगावी हातांवाचून राहिले असतील, याची मोजदाद कोण करणार?

महाराष्ट्रातील उदाहरण तर एकाच घरातले आहे. कोकणातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे हे शाळेतील तळपते तारे नव्हते. परीक्षेस बसण्यासाठी डोंगर-घाट तुडवीत ते सुमारे शंभर मैल चालून साताऱ्यास गेले, तर वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेस बसूच दिले नाही. ते परत फिरले आणि पुढच्या खेपेस कोल्हापुरास जाऊन उत्तीर्ण झाले. त्यांच्याच नात्यातील रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे मात्र असामान्य बुद्धीचे. त्यांच्या शिक्षणाची काळजी आरंभी कर्व्यांनीच वाहिली. १८९९ साली परांजपे केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिले आले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. पुढे ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि त्याच महाविद्यालयात कर्वे गणित शिकवीत होते! परांजपे यांनी आपल्या बुद्धीचे चीज केले. प्राचार्य, मंत्री, कुलगुरू अशी मोठमोठी कामे केली. पण हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीपासून १९१६ च्या महिला विद्यापीठापर्यंत एकच वाट अखंड चालत राहिले ते कर्वे. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. एक पहिला आला, दुसरा थांबला नाही. समाजाला दोघेही हवेत. परंतु व्यासपीठावर बोलावण्याची आपली रीत मात्र पहिल्यापुरतीच आहे.

महिला विद्यापीठाचा उल्लेख झाला, तेव्हा मुलींविषयी बोलणे प्राप्तच आहे. टर्मन यांच्या निवडीतील मुली बुद्धीने मुलांच्या तोडीच्या होत्या. तरी मध्यम वयात त्यांच्यापैकी निम्म्यांच्या आसपास केवळ गृहिणी होत्या. त्या काळच्या समाजाने त्यांना दुसरे दार फारसे उघडलेच नाही. इलिनॉयच्या पाहणीत तर विलक्षण गोष्ट दिसली. मुलींचे गुण मुलांपेक्षा कमी नव्हते, पण पदवीपर्यंत पोचेतो स्वतःला अतिशय बुद्धिमान समजणारी मुलगी त्यांत जवळजवळ उरली नाही. मुलांचा आत्मविश्वास मात्र टिकून राहिला. बंधुभगिनींनो, आज आपल्या पारितोषिकांच्या यादीत मुलींची नावे वर असतात. पुढे दहा वर्षांनी त्याच मुलींविषयी आपण काय विचारतो? मुलगा काय करतो असे विचारतो, आणि मुलगी कोठे दिली असे विचारतो. या एका प्रश्नात ती बुद्धी कोठे गेली याचे उत्तर दडलेले आहे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. मोठेपणी यश म्हणजे केवळ कीर्ती, पद वा परदेशगमन नव्हे. आपल्या मागच्या पिढीत शाळेत पहिल्या आलेल्या कितीतरी मुलांनी अकरावी होताच नोकरी धरली, धाकट्या भावंडांची शिक्षणे केली, बहिणींची लग्ने केली, वडिलांचे कर्ज फेडले. त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. ज्यांनी आपली शिडी इतरांसाठी उभी धरली, त्यांना ‘पुढे काही केले नाही’ असे म्हणणे हा कृतघ्नपणा होईल. मात्र घराच्या परिस्थितीपायी एखाद्या मुलाला शिक्षण सोडावे लागू नये, एवढी ऐपत आज आपल्या मंडळाला आली आहे, हेही तितकेच खरे.

म्हणून मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली अशी की, गौरवाचा खर्च थोडा आवरून तो पैसा पुढील शिक्षणाच्या मासिक साहाय्याकडे वळवावा. कारण हुशार मूल दहावीला अडत नाही, ते पुढे पदवीच्या वाटेवर अडते. दुसरी अशी की, प्रत्येक गुणवंत विद्यार्थ्याला ज्ञातीतील एक अनुभवी गृहस्थ वा भगिनी पालक म्हणून नेमून द्यावी. ज्या घरात आजवर कोणी महाविद्यालय पाहिलेले नाही, त्या घरातील मुलाला पैशाइतकीच वाट दाखविणाऱ्याची गरज असते. तिसरी अशी की, एक पारितोषिक दरवर्षी अशा विद्यार्थ्यास द्यावे, जो एकदा नापास होऊन पुन्हा उभा राहिला. त्या मुलाला व्यासपीठावर आलेला पाहून सभागृहातील किती मुलांच्या मनावरचे ओझे उतरेल!

विद्यार्थिमित्रांनो, आजचा पहिला क्रमांक हा तुमचा ठेवा आहे. तो जपा, पण त्यावर बसून राहू नका. बुद्धी ही देणगी आहे, चिकाटी ही कमाई आहे. देणगीचा अभिमान धरण्यात अर्थ नाही, कमाईचा धरावा. आणि ज्यांचे नाव आज पुकारले गेले नाही, त्यांनी खंती होऊन घरी जाऊ नये. यादी एका परीक्षेची होती. तुमच्या साऱ्या आयुष्याची यादी अजून कोणी लिहिलेली नाही.