पहिल्या वापरणाराचा अभिप्राय



खिळे जुळवून छापण्याच्या काळांत पुस्तक यंत्रावर चढण्यापूर्वीं त्याचीं मुद्रितें काढीत, तीं लेखकाकडे जात, आणि जुळवलेले खिळे अजून हाताशीं असतांनाच चुकांची दुरुस्ती होई. हजार प्रती छापून बांधून झाल्यावर चूक सांपडली, तर शुद्धिपत्र जोडण्यापलीकडे उपाय उरत नसे. आणि शुद्धिपत्र उघडून पाहणारा वाचक विरळाच. दुरुस्ती जितकी लवकर तितकी ती स्वस्त, हा छापखान्याचा जुना न्याय. हाच न्याय पुस्तकें करण्याच्या एका नव्या साधनाला लावून पाहण्याचा आज विचार आहे.

हें साधन म्हणजे इंटरनेटवर ई-पुस्तक तयार करण्याची सोय. ई-पुस्तकाचा ईपब नांवाचा सांचा २००७ सालीं मान्य झाला आणि आज तो जगभर रूढ आहे. वरून एकच दिसणारी ही फाइल आंतून पाहिली तर तें एक गाठोडें असतें. त्यांत प्रकरणांचीं पानें असतात, त्यांच्या मांडणीचे नियम असतात, चित्रें असतात, अनुक्रमणिका असते, आणि पुस्तकाचें नांव, लेखक व भाषा सांगणारी एक नोंद असते. हें गाठोडें हातानें बांधणें तंत्रज्ञाला जमतें. पण गांवचा इतिहास लिहून बसलेल्या निवृत्त शिक्षकानें तें कसें बांधावें? त्यानें ब्राउझर उघडावा, हस्तलिखित द्यावें, चार प्रश्नांचीं उत्तरें द्यावींत आणि तयार पुस्तक उचलून न्यावें, ह्यासाठींच अशीं साधनें निघालीं. मॉन्ट्रियलचे ह्यू मॅग्वायर यांनीं २०११ सालीं सुरू केलेलें ‘प्रेसबुक्स’ हें त्यांपैकींच एक.

आतां असें एखादें साधन कोणी नव्यानें करूं लागला, तर त्यानें तें लोकांपुढें केव्हां न्यावें? ‘पूर्ण झाल्यावर,’ हें उत्तर आपल्याला सहज सुचतें. अर्धवट वस्तु चारचौघांत मांडणें कमीपणाचें वाटतें, आणि हंसें होण्याची भीतिही असते. परंतु हें उत्तर फार महागांत पडतें. तें कसें, तें एका उदाहरणानें पाहूं.

आपल्या शिक्षकानें आपलें हस्तलिखित वर्डमध्यें टंकलेलें आहे. प्रत्येक प्रकरणाचें शीर्षक त्यानें ठळक केलें आहे, अक्षर मोठें केलें आहे, आणि ओळ मध्यभागीं यावी म्हणून स्पेसची कळ वीस वेळां दाबली आहे. डोळ्यांना तें शीर्षक दिसतें. साधनाला मात्र तें दिसत नाहीं. त्याला ‘हें शीर्षक आहे’ अशी निराळी खूण हवी असते. ती खूण वर्डच्या शैलींच्या यादींत असते, आणि पुष्कळ लेखक त्या यादीकडे कधींच वळलेले नसतात. परिणाम असा होतो कीं अनुक्रमणिका रिकामी राहते, बत्तीस प्रकरणांचें पुस्तक एकच लांबलचक प्रकरण होऊन बसतें, आणि मोबाइलच्या अरुंद पडद्यावर ती वीस रिकाम्या जागांची ओळ भलतीकडेच जाते. साधन करणारानें स्वतःच्या नमुन्यावर हजार चांचण्या घेतल्या तरी हा दोष त्याला सांपडत नाहीं, कारण त्याच्या नमुन्यांत सर्व खुणा जागच्या जागीं असतात. अंधाऱ्या जिन्याची मोडकी पायरी घरच्या माणसाला अडखळवीत नाहीं. ती पाहुण्यालाच लागते.

ही गोष्ट नवी नाहीं. जॉन गूल्ड आणि क्लेटन लुइस ह्या दोन संशोधकांनीं १९८५ सालीं लिहिलेल्या एका निबंधांत तीन तत्त्वें सांगितलीं. वापरणाराकडे पहिल्यापासून लक्ष द्यावें, त्याचें काम प्रत्यक्ष पाहून मोजावें, आणि दोष दिसतांच बदल करून पुन्हां पाहावें. गूल्ड व त्यांचे सहकारी यांनीं हीं तत्त्वें १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या वेळीं कसास लावलीं. खेळाडूंना त्यांच्या घरच्या माणसांनीं दूरध्वनीवरून ठेवलेले निरोप ऐकतां यावेत, अशी बारा भाषांतील व्यवस्था आयबीएम कंपनी करीत होती. यंत्र होण्यापूर्वींच त्यांनीं तें कसें वापरलें जाईल याचें वर्णन कागदावर लिहून लोकांना दाखविलें. पुढें एक पोकळ लांकडी खांब उभारून त्यावर पडद्यांचीं चित्रें चिकटविलीं आणि तो वाटेंत ठेवला. येणारेजाणारे थांबत, विचारीत आणि चुका दाखवीत. त्या खांबांत यंत्र नव्हतें, पण अभिप्राय मात्र खरे होते.

ई-पुस्तकाच्या साधनालाही हाच मार्ग मोकळा आहे. हस्तलिखितापासून पुस्तक करणारी आज्ञावली लिहून झाली नसेल, तरी चार पडद्यांचीं चित्रें कागदावर काढतां येतात. पहिल्या पांचदहा लेखकांचीं पुस्तकें साधन करणारानें पडद्यामागें बसून हातानें बांधून दिलीं तरी चालतें. मात्र तसें त्यांना सांगावें. लेखक काय देतात, काय विसरतात, कोणत्या प्रश्नाशीं अडतात, हें त्यांतून कळतें. आणि जें कळेल त्याप्रमाणें आज्ञावली लिहितां येते.

मग अशीं किती माणसें हवींत? जेकब नील्सन ह्या तज्ज्ञानें अनेक पाहण्यांवरून असा हिशेब मांडला कीं, एक माणूस काम करतांना पाहिला तर सरासरीनें ३१ टक्के दोष दृष्टीस पडतात, आणि पांच माणसें पाहिलीं तर सुमारें ८५ टक्के. सहाव्या-सातव्या माणसापासून तेच तेच दोष पुन्हां दिसूं लागतात. म्हणून पंधरा माणसें एकदम बोलावण्यापेक्षां पांच-पांच माणसें तीन वेळां बोलवावींत आणि मधल्या काळांत दुरुस्ती करावी, असें त्यांचें सांगणें आहे. हे आंकडे सरासरीचे आहेत आणि एकाच प्रकारच्या माणसांविषयीं आहेत, हें मात्र विसरूं नये. कवीची अडचण निराळी, पाककृति लिहिणाऱ्या गृहिणीची निराळी, प्रकाशकाच्या कचेरींतील टंकलेखकाची निराळी. पडद्यावरील मजकूर ऐकून काम करणाऱ्या दृष्टिहीन लेखकाला तर एखादें नांव नसलेलें बटणही भिंतीसारखें आडवें येतें. म्हणून प्रत्येक प्रकारचीं थोडींथोडीं माणसें घ्यावींत.

माणसें मिळालीं तरी त्यांना विचारावें कसें, हा पुढचा प्रश्न. येथें आपला शिष्टाचारच आडवा येतो. ‘कसें वाटलें?’ असें आपण विचारतों आणि समोरचा सभ्य गृहस्थ ‘छान आहे’ असें म्हणतो. पाहुणा भाजीला नांवें ठेवीत नाहीं. पण पानांत किती टाकली तें पाहणाराला दिसतेंच. तेव्हां मत विचारूं नये, काम द्यावें. ‘हें आपलें हस्तलिखित, ह्याचें पुस्तक करून आपल्या मोबाइलवर उघडून दाखवा,’ एवढेंच सांगावें, आणि मनांत येईल तें मोठ्यानें बोलत राहण्याची विनंति करावी. त्यानंतर साधन करणारानें गप्प बसावें. हें सर्वांत कठीण! भलत्या बटणाकडे हात जातांना पाहून ‘तिकडे नव्हे, इकडे’ असे शब्द ओठांवर येतात. ते गिळावेत, कारण पुढें हजारों लोक आपापल्या घरीं बसून हें काम करतील, तेव्हां त्यांच्या शेजारीं सांगावयास कोणी असणार नाहीं. ‘आपण हें वापराल का?’ ह्या प्रश्नाचीही फारशी किंमत नाहीं. ‘मागचें पुस्तक आपण कसें केलेंत, कोठें अडलांत, किती पैसे मोजलेत?’ हें विचारावें. पुढच्या गोष्टींविषयीं माणूस भिडेखातर बोलतो. झालेल्या गोष्टींविषयीं तो बहुधा खरें सांगतो.

साधन मराठी लेखकांसाठीं असेल तर कांहीं परीक्षा मराठी हस्तलिखितांवांचून होतच नाहींत. युनिकोडमध्यें देवनागरी १९९१ पासून आहे. परंतु त्याबाहेरच्या जुन्या टंकांत लिहिलेलीं हस्तलिखितें अजून घरोघरीं आहेत, आणि तीं साधनांत घातलीं कीं मराठीच्या जागीं निरर्थक रोमन अक्षरें उमटतात. ‘वाऱ्याची तऱ्हा’ हे दोन शब्द नीट उमटतात कीं नाहीं, हें मराठी न वाचणाऱ्या तंत्रज्ञाला कळणार नाहीं. ‘ल’ आणि ‘श’ यांचीं मराठी वळणें हिंदींतील रूढ वळणांहून वेगळीं आहेत. ज्या टंकांत दोन्ही वळणें असतात, त्यांना पुस्तकाची भाषा मराठी आहे हें नोंदींतून कळावें लागतें. एरवीं आपलें पुस्तक परक्या अक्षरांत नटून येतें. हे दोष यंत्रतपासणींत बहुधा पकडले जात नाहींत. ते वाचकाच्या डोळ्यालाच खुपतात.

अभिप्राय मिळाले म्हणजे ते सगळे मानावेत काय? तसें केल्यास साधनाचें गाठोडें उचलवेनासें होईल. रोगी औषधाचें नांव घेऊन येतो. वैद्यानें दुखणें विचारावें. ‘पानांना क्रमांक द्या,’ असें एक लेखक म्हणतो. ई-पुस्तकांत अक्षर लहानमोठें केलें कीं पानें बदलतात, म्हणून त्याला नाहीं म्हणणें सोपें. पण ‘कशासाठीं?’ असें विचारलें तर कळतें कीं, त्याच्या ग्रंथाची छापील आवृत्ति आहे आणि विद्यार्थ्यांना तिच्यांतील पृष्ठांचा हवाला द्यावा लागतो. छापील पृष्ठांच्या खुणा ई-पुस्तकांत ठेवण्याची सोय ईपबमध्यें आहे. दुसऱ्या लेखकाला मात्र आपलें पुस्तक केवढें झालें एवढेंच पाहावयाचें असतें. त्याला शब्दसंख्या पुरते. मागणी एक, दुखणीं दोन.

कोविद गोयल ह्या भारतीय गृहस्थानें २००६ सालीं स्वतःच्या गरजेपोटीं एक आज्ञावली लिहिली, कारण त्याच्या सोनी वाचनयंत्राशीं लिनक्सवरून व्यवहार करण्याची सोय नव्हती. तीच पुढें इतर वाचकांच्या मदतीनें ‘कॅलिबर’ ह्या नांवानें वाढली. स्वतःची गरज हा चांगला प्रारंभ होय. परंतु दुसऱ्यांच्या गरजा ऐकल्यावांचून साधन घराबाहेर पडत नाहीं.

आणि जो आपल्या अर्धवट साधनावर विश्वास ठेवतो, त्याचें आपण देणें लागतों. त्याच्या फाइलींत कोणाच्या वडिलांच्या आठवणी असतील, कोणाच्या चाळीस वर्षांच्या कविता असतील. साधन अपुरें आहे हें त्याला आधींच सांगावें. मूळ प्रत स्वतःजवळ ठेवण्याची आठवण द्यावी. केव्हांही आपलें पुस्तक ईपब म्हणून बाहेर काढून नेण्याची मोकळीक त्याला असावी. त्याचें लिखाण त्याच्या परवानगीवांचून अन्य कामीं लावूं नये. त्यानें सांगितलेला दोष दूर झाला म्हणजे तसें त्याला कळवावें. ज्याला उत्तर मिळत नाहीं, तो दुसऱ्यांदा सांगावयास येत नाहीं.

शेवटीं एक वाक्य विशेष लक्ष देऊन ऐकण्यासारखें आहे. पुष्कळ वयस्क लेखक अडले कीं संकोचानें म्हणतात, ‘मलाच यांतलें कांहीं कळत नाहीं.’ साधन करणारानें तें नम्रतेचें बोलणें समजून सोडून देऊं नये. तो त्याच्या साधनावरचा अभिप्राय आहे, आणि बहुधा सर्वांत मोलाचा. हें वाक्य साधन घडत असतांना कानीं आलें तर एक बटण हलवून काम भागतें. तें ऐकावयास कोणी नसलें तर तो गृहस्थ ब्राउझर बंद करतो आणि हस्तलिखित पुन्हां कपाटांत ठेवतो. त्याची तक्रार कोठें नोंदली जात नाहीं, आणि एक पुस्तक व्हावयाचें राहून जातें.