दोघांत एक संगणक



संगणकशास्त्राविषयी चार उपयुक्त गोष्टी सांगाव्यात, असे या समारंभाच्या निमंत्रणपत्रात लिहिले होते आणि त्याबरहुकूम मी टिपणेही काढून आणली होती. परंतु ज्या प्रयोगशाळेत मी प्रथम संगणकाला हात लावला, तिच्याच दारात दोन विद्यार्थ्यांनी घडविलेला खेळ आज मांडलेला पाहिला आणि ती टिपणे खिशातच राहिली.

त्या खेळात चहूबाजूंनी बंदिस्त रणांगण, लाटेमागून लाट चालून येणारे शत्रू आणि एकाच पडद्यावर पाठीला पाठ लावून गोळीबार करणारे दोन खेळाडू. एक कोसळला तर दुसऱ्याने तेथवर पोचून त्याला उठवावयाचे. पडद्यावरील चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने रेखाटताना, प्रत्येक वेळी दोघांनी दाबलेल्या कळा वाचून कोणाची गोळी कोणाला लागली याचा हिशेब संगणकास पुरा करावा लागतो. ही विद्या विस्ताराने सांगण्याचा मानस होता. पण मन मागे धावते आहे.

आमच्या वेळी संगणक थोडे आणि विद्यार्थी फार, म्हणून दोघांत एक संगणक असा दंडक होता. माझा सोबती राजुऱ्याचा, मी आरमोरीकडचा. एकाने आज्ञावली लिहावी, दुसऱ्याने चुका हेराव्यात आणि अर्ध्या तासाने जागा बदलाव्यात. तेव्हा मी त्याला गैरसोय समजत असे. समोर बसलेले प्रयोगशाळेचे निवृत्त परिचर, आम्हा सर्वांचे काका, यांना स्मरत असेल की हजेरीबुकात आमची नावे ते जोडीनेच मांडीत.

वस्तुतः एकमेकांची पाठ राखण्याचा धडा मला घरी आधीच मिळाला होता. चैत्रात मोहफुले वेचावयास आणि पुढे तेंदूपत्ता तोडावयास माझी आई शेजारणीवाचून कधी जंगलात गेली नाही. वाघाच्या मुलखात वाकलेल्या माणसाच्या पाठीला डोळे नसतात, म्हणून एक वाकली की दुसरी उभी राही.

संगणकावरील खेळांची गोष्टही अशीच आहे. १९६२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत पीडीपी-१ या यंत्रावर 'स्पेसवॉर' हा खेळ सिद्ध झाला. त्यात दोन खेळाडूंची अंतराळयाने एकमेकांवर मारा करीत. पण तो खेळ घडला अनेकांच्या सहकार्यातून: मूळ रचना स्टीव्ह रसेल यांची, आकाशातील खरे तारे पीटर सॅमसन यांचे, मधल्या सूर्याचे गुरुत्वाकर्षण डॅन एडवर्ड्स यांचे. पडद्यावरील ते वैरसुद्धा मैत्रीवाचून निर्माण झाले नसते.

म्हणून मुलांनो, एकच सांगतो: जोडीदार जोडा. परीक्षेत, उद्योगात, परक्या शहरातील पहिल्या नोकरीत, आपली पाठ राखणारी आणि आपण जिची पाठ राखू अशी एक तरी व्यक्ती असू द्या. एटापल्ली-भामरागडहून इतका प्रवास करून आलेल्या मातापित्यांनो, मुलगी दार लावून एकटीच अभ्यास करते म्हणून समाधान मानू नका; तिची मैत्रीण कोण, हेही विचारा. गुरुजनांनो, आता संगणक मुबलक आहेत, तरी आठवड्यातून एक तास दोघांत एक संगणक द्यावा, ही माझी नम्र विनंती आहे.

माझा राजुऱ्याचा सोबती आज येथे येऊ शकला नाही. काका, समारंभ आटोपल्यावर तो खेळ मला खेळावयाचा आहे. दुसरी जागा आपण घ्यावी आणि आपले नाव माझ्या नावाशेजारी लिहिले जावे.