मोबाइल कंपन्यांची चुरस आणि आपली गरज
(भंडारा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोबाइल कंपन्यांची स्पर्धा हा विषय आजच्या अभ्यासवर्गात घेतलेला पाहून काहींना नवल वाटले. धानाचा भाव आहे, गोसीखुर्दच्या धरणग्रस्तांचे प्रश्न आहेत. मग ही चैनीची चर्चा कशाला, असे एका मित्राने मला विचारलेही. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात दोन मोबाइल होते, हा भाग वेगळा. पण ही वस्तू आता चैनीची राहिलेली नाही. शिधापत्रिकेची पडताळणी, पिकाची नोंद, मुलांचे अर्ज या साऱ्यांसाठी मोबाइल लागतो. जी वस्तू घेतल्यावाचून गत्यंतर नाही, तिचा बाजार कसा चालतो हे पाहणे आपले काम आहे.

या बाजाराचे समर्थन एकाच वाक्यात केले जाते: कंपन्या आपसात झुंजतात आणि लाभ ग्राहकाचा होतो. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. स्वस्त मोबाइल खेड्यापाड्यांत पोहोचला तो या झुंजीमुळेच. मात्र झुंज कशासाठी चालते आणि कशासाठी चालत नाही, हे नीट पाहिले पाहिजे.

आपल्या भागाला अशी चुरस नवी नाही. १९९९ पर्यंत गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते, आणि बिडी कारखानदारांची स्पर्धा आपल्या वडीलधाऱ्यांनी जवळून पाहिलेली आहे. लेबलावरचे चित्र, बंडलाच्या कागदाचा रंग यांवरून कारखानदार एकमेकांशी भांडत. परंतु हजार बिड्यांची मजुरी ठरवताना आणि छाट काढताना त्यांच्यात मतभेद दिसत नसे. बिडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला. तो त्या चुरशीतून उपजला नाही. त्यासाठी संघटना आणि संसद लागली.

आता मोबाइलकडे वळू. २०१४ च्या अखेरीस मायक्रोमॅक्स ही भारतीय कंपनी देशात पहिल्या क्रमांकावर गेल्याचे एका बाजार-पाहणीने सांगितले, आणि केवढा आनंद झाला! तीन वर्षांत ती मागे पडली. २०१७ च्या अखेरच्या तिमाहीत चीनच्या शाओमीने सॅमसंगला मागे टाकले. त्याच सुमारास तालुक्याच्या गावांतील दुकानांच्या पाट्या पाहता पाहता निळ्या आणि हिरव्या झाल्या. निळी विवोची, हिरवी ओप्पोची. विवोने आयपीएलच्या नावापुढे आपले नाव लावण्यासाठी पाच वर्षांचे २,१९९ कोटी रुपये कबूल केले, तर ओप्पोने भारतीय संघाच्या सदऱ्यासाठी १,०७९ कोटी. दोन्ही करार मुदतीआधीच दुसऱ्यांकडे गेले, ही गोष्ट निराळी. गंमत अशी की, या दोन्ही कंपन्या चीनमधील बीबीके या एकाच उद्योगातून निघालेल्या आहेत. दुकानदाराला वाटे, दोन प्रतिस्पर्धी आपल्या दारात उभे आहेत. वस्तुतः ती एकाच घराण्यातील भावंडे होती.

जगाच्या पातळीवरही हेच. अ‍ॅपल आणि सॅमसंग २०११ पासून २०१८ पर्यंत न्यायालयात भांडले. पण भांडण चालू असतानाच, २०१७ मध्ये, अ‍ॅपलच्या नव्या फोनचा पडदा सॅमसंगच्याच कारखान्यातून येत होता. २०२३ मध्ये अ‍ॅपलने २३ कोटींहून अधिक फोन पाठवून सॅमसंगचे अग्रस्थान हिरावून घेतले, याच्या मोठ्या बातम्या झाल्या. फोन जोडणाऱ्या हातांची बातमी मात्र दंगा झाला की होते. डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटकात कोलारजवळच्या आयफोन जोडणाऱ्या कारखान्यात थकलेल्या वेतनावरून कामगारांचा उद्रेक झाला. पुढल्याच वर्षी तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथे वसतिगृहातील अन्नातून विषबाधा झाल्यावर कामगार मुली रस्त्यावर आल्या. छाट काढणाऱ्या सट्टेदाराची आठवण व्हावी, अशाच या कथा आहेत.

आणि ज्याला घेणे भाग आहे, त्या ग्राहकाचे काय? अंगणवाडी सेविकांचे उदाहरण घ्या. पोषण अभियानात २०१९ च्या सुमारास शासनाने त्यांना मोबाइल दिले. पुढे पोषण ट्रॅकर आला. तो त्या फोनच्या तुटपुंज्या क्षमतेला पेलवेना, आणि त्याची भाषा इंग्रजी. फोन बिघडला की दुरुस्तीचा भार मानधनावर. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर हजारो सेविकांनी प्रकल्प कार्यालयांत जाऊन ते मोबाइल परत केले. २०२३ च्या फेब्रुवारीत संप झाला, तेव्हा कुठे नवे मोबाइल देण्याचे शासनाने मान्य केले. बाजारात त्या वर्षांत कॅमेऱ्यांची शर्यत शिगेला पोहोचली होती. साध्या बाईला चार वर्षे टिकेल, बॅटरी गावातच बदलता येईल, असा फोन देण्याची शर्यत कोणी लावली नाही. उलट बॅटरी आत चिकटवून टाकलेली आणि पडदा फुटला तर नवाच फोन घ्यावासा वाटेल इतका महाग. फोन लवकर निकामी झाला तर सर्वच स्पर्धकांचा लाभ. तेथे कोण कोणाशी झुंजणार?

युरोपात हे ओळखून कायदा केला गेला. २० जून २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या फोनचे मुख्य सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. त्याच कंपन्या तेथे हे निमूटपणे मानतात. आपल्या केंद्र सरकारनेही दुरुस्ती-सुलभतेचा निर्देशांक ठरवण्यासाठी २०२४ मध्ये समिती नेमली. परंतु निर्देशांक म्हणजे वेष्टनावरचा आकडा; सुटा भाग देण्याची सक्ती नव्हे.

म्हणून माझी एक सूचना आहे. तुमसर, पवनी, साकोली, लाखांदूर येथील साथींनी आपापल्या भागातील सेविका आणि आशा कार्यकर्त्यांना भेटावे. सरकारी कामासाठी किती जणींनी पदरच्या पैशाने फोन घेतला, हप्त्यावर घेतला काय, दुरुस्तीला किती खर्च आला, याची नोंद पावत्यांसह करावी. पावती नसेल तर दुकानाचे नाव आणि महिना लिहून घ्यावा. एवढे कागद हाती आले, की जिल्हा परिषदेत काय मागायचे ते आपण पुढील बैठकीत ठरवू.