मोतीबिंदू : यंत्राची शस्त्रक्रिया आणि हाताची
(सुदुंबरे येथील समाजमेळाव्यात केलेले भाषण)



तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी महाराजांच्या समाधीपाशी आपण जमलो आहोत. दर्शनाच्या रांगेत नातवाचा खांदा धरून चालणारी वडीलधारी मंडळी येथे दिसतात. त्यांतील कित्येकांची दृष्टी परत येण्याजोगी असते. पण घरात म्हणतात, 'यंत्राचे ऑपरेशन परवडेल तेव्हा करू, साधे नको.' या समजुतीविषयीच आम्हांस बोलावयाचे आहे.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील भिंग गढूळ होणे. ते औषधाने निवळत नाही, काढावेच लागते. पूर्वी मोठा छेद घेऊन टाके घालीत आणि पुढे जन्मभर जाड चष्मा लागे. 1949 साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी डोळ्यातच कृत्रिम भिंग बसविले, तेथून हे पालटत गेले.

आज मुख्यतः दोन पद्धती आहेत. 1967 मध्ये चार्ल्स केलमन यांनी आरंभिलेल्या 'फेको'त दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेतात. (लोक हिलाच 'लेसर' म्हणतात, ते खरे नव्हे.) दुसरीत डोळ्याच्या पांढऱ्या भागात सहा-सात मिलिमीटरचा तिरपा बोगदा करून गाभा अखंड बाहेर काढतात. बोगदा आपोआप मिटतो, टाका सहसा लागत नाही. महागडे यंत्र नसल्याने खर्चही कमी.

या दोहोंची तुलना आपल्या पुण्यातच झाली आहे. एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयातील 400 डोळ्यांवरील चाचणीचे निष्कर्ष 2005 साली प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी चष्म्याविना चांगली, म्हणजे 6/18 वा त्याहून सरस दृष्टी फेकोनंतर 81.1 टक्क्यांना आली, हाताच्या पद्धतीनंतर 71.1 टक्क्यांना. योग्य चष्मा दिल्यावर मात्र दोन्हीकडे 98.4 टक्के! फेकोचे श्रेष्ठत्व आहे ते एवढेच. त्यासाठी आईला दोन वर्षे अंधारात बसविणे आम्हांस रास्त वाटत नाही.

शिवाय थांबल्याने गाभा कठीण, काळपट होतो. तो फोडण्यास ध्वनिलहरी अधिक लागतात व बुबुळाला इजा पोहोचण्याचा धोका वाढतो. तेथे पुष्कळ शल्यविशारद हाताचीच पद्धत पसंत करतात. फार पिकलेल्या मोतीबिंदूने डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते. तेव्हा गाभा कसा आहे आणि आपला हात कोणत्या पद्धतीवर बसला आहे, हे डॉक्टरांस अवश्य विचारावे.

आणि दीड महिन्याने नंबर तपासून घ्यावा. पुष्कळ घरी तो चष्माच आणीत नाहीत, आणि मग शस्त्रक्रिया फसली म्हणतात.