पाणंदीची वाट आणि सायकल



आज मी तुमच्याशी एका वाटेविषयी बोलणार आहे. ही वाट बहुधा तुमच्याही गावात आहे. कदाचित तिच्यावर आता वेड्या बाभळी माजल्या असतील. आमच्या पश्चिम महाराष्ट्रात तिला पाणंद म्हणतात, विदर्भात पांदण म्हणतात, कुठे नुसती गाडीवाट म्हणतात. दोन्ही अंगांना शेतांचे बांध, मधून बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, कुठे मुरूम, कुठे बारीक खडी. डांबर नाही आणि मोटारींची वर्दळही नाही.

तुम्ही म्हणाल, अशा वाटेवर बोलण्यासारखे काय आहे? तर ऐका. शहरांत अलीकडे खडीच्या वाटेवर चालवायच्या खास सायकली विकत मिळतात. त्यांना ग्रॅव्हल बाइक असे म्हणतात. हौशी मंडळी बरेच पैसे मोजून त्या घेतात आणि रविवारी भल्या पहाटे, जिथे ट्रक-मोटार नाही अशी मातीची वाट शोधत गाव सोडून बाहेर पडतात. या सायकलींचे टायर साधारण ४० मिलिमीटर रुंद असतात. आता आपल्या दूधवाल्याची जुनी काळी सायकल पाहा. तिच्या टायरवर २८ आणि दीड असे आकडे असतात. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर! म्हणजे शहराने आज जी सायकल नवी म्हणून घेतली, तिची बहीण आपल्या पडवीत केव्हाची उभी आहे. आणि ज्या वाटेच्या शोधात शहरचा माणूस पन्नास किलोमीटर येतो, ती आपल्या परड्यामागून जाते.

परंतु मला ही वाट आठवली ती हौसेमुळे नव्हे. माझ्या बहिणीच्या मुलीमुळे.

माझी भाची आठवीत गेली. गावची शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल पाच-सहा किलोमीटरवर. पोरीला सायकल घेऊन दिली. दिवाळीपर्यंत सारे ठीक चालले. मग कारखान्याचा हंगाम सुरू झाला. उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकामागे दोन-दोन ट्रॉल्या, वरून डोलणाऱ्या मोळ्या. एके दिवशी एका ट्रॉलीने पोरीला रस्त्याच्या कडेला असे दाबले की ती सायकलसकट चारीत गेली. कोपर खरचटले, एवढ्यावर निभावले. पण त्या संध्याकाळी दाजींनी सायकल माळ्यावर टाकली. एस.टी. यायची ती शाळेचा पहिला तास संपल्यावर. मी गेलो तेव्हा बहीण हळूच म्हणाली, "दादा, हे म्हणतायत, यंदा घरीच राहू दे. पुढचं पुढं बघू." श्रोते हो, 'पुढचं पुढं बघू' याचा अर्थ मुलीच्या बाबतीत काय होतो, हे तुम्हां शिक्षकमंडळींना मी सांगायला नको.

त्या वेळी बहिणीचे सासरे ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, "आम्ही कुठं सडकेनं जात होतो? आम्ही पाणंदीनं जायचो. ओढ्यापलीकडं निघालं की हायस्कूलच्या मागंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीला घेऊन मी ती वाट पायी पाहिली. निम्म्याहून अधिक वाट चांगली होती. मग एके ठिकाणी ती चार हातांवर आली, आणि पुढे काटेरी तार. शेतमालक भला माणूस. चहा पाजला आणि म्हणाला, "मास्तर, मी एक हात खाल्ला असेल, तर समोरच्यानं दोन खाल्लेत. माझंच कशापायी काढता?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पाणंद बहुधा एकटा कुणी खात नाही. दोन्ही बांध दरवर्षी नांगराच्या एका तासाने सरकत येतात, आणि एक दिवस वाट उरत नाही.

मग आम्ही भांडलो नाही; गावनकाशा काढला. गावनकाशात गाडीवाटा आणि पायवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. भूमी अभिलेख कार्यालयातून त्याची नक्कल मिळते. नकाशा पारावर पसरला, दोन्ही शेजाऱ्यांना बोलावले आणि दोघांच्याही बाजूने सारखे माप धरले. दोघांचेही थोडे गेले, म्हणून दोघेही गप्प बसले! पंधरा दिवसांत तार निघाली. मात्र ओढ्याजवळ काळी माती आहे. तिथे अजून मुरूम पडलेला नाही. पावसाळ्यात तेवढा तुकडा पोरी सायकल हातात धरून काढतात.

'पोरी' म्हणालो, कारण भाची एकटी जात नाही. आडवाटेला एकटीदुकटी मुलगी पाठवायला आईबापांचे मन धजत नाही, आणि ती भीती हसण्यावारी नेऊ नये. चौघी-पाचजणी मिळून निघतात. वाटेवरच्या वस्त्यांना त्यांची वेळ ठाऊक झाली आहे. कुणी विहिरीवर असतो, कुणी गुरांपाशी. ज्या वाटेवर माणसांचा डोळा असतो, ती वाट आडवाट राहत नाही.

सगळ्याच ठिकाणी नुसत्या समजुतीने भागते असे नाही. म्हणून कायदाही माहीत असावा. पूर्वापार वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला, तर मामलेदार कोर्ट कायदा, १९०६, याच्या कलम ५ अन्वये तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. 'बघू, करू' म्हणत वर्ष काढले की ती वाट अवघड होते. शेतात जायला रस्ताच नसेल, तर जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. आणि २०२१ साली पाणंद रस्त्यांसाठी शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी योजनाही आणली होती.

इंग्लंडात १९४९ साली कायदा झाला, आणि प्रत्येक परगण्याने आपल्या जुन्या पायवाटांचा व घोडेवाटांचा नकाशा करावा असे ठरले. पुढे १९६८ च्या कायद्याने घोडेवाटेवरून सायकलही नेण्याची मुभा मिळाली. अट एकच, चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. तिकडे वाटा होत्या, त्यांचे नकाशे करावे लागले. आपल्याकडे नकाशा आहे, त्यावरची वाट शोधावी लागते!

आता चार गोष्टी चालवणाऱ्यांसाठी. मुरमाड वाटेवर टायरमध्ये हवा किंचित कमी ठेवावी. दगड टणकन लागत नाही आणि चाक घसरत नाही. अगदी कमी मात्र नको, नाहीतर ट्यूब चिमटते. उतारावर मागचा ब्रेक आधी, पुढचा अलगद. आणि वळताना ब्रेक दाबूच नये. बाभळीचा काटा आणि सराटा हे दोन हाडवैरी, तेव्हा पंक्चरचे सामान आणि पंप जवळ असू द्या. काळ्या रानात पाऊस झाला की चिखल मडगार्डात गच्च बसतो. जोर लावू नका, काडीने काढा. कालव्याकाठचा रस्ता मोकळा दिसतो, पण तो पाटबंधारे खात्याचा. विचारून जावे, आणि पाण्याच्या कडेने लहान मुलांनी तर मुळीच जाऊ नये. अस्तर केलेल्या कालव्यात पडलेल्याला घसरड्या उतारावरून वर चढता येत नाही.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. सायकल घरी येते. ती कोणत्या वाटेने जायची, हे मात्र कुणी सांगत नाही. ते काम तुमचे. एका शनिवारी सातवीचा वर्ग घ्या, गावनकाशा घ्या, आणि हायस्कूलपर्यंत पाणंदीने चालत जा. पाणी कुठे आहे, सावली कुठे, मोठी सडक कुठे ओलांडावी लागते, कुत्री कुठल्या वस्तीवर आहेत आणि वाट कुठे अडली आहे, हे मुलांकडूनच नकाशावर लिहून घ्या. भूगोलाचा तास होईल, आणि तो नकाशा ग्रामसभेत मांडताही येईल.

माझी भाची यंदा नववीत गेली. परवा मला म्हणाली, "मामा, सडकेपेक्षा पाणंदीनं दहा मिनिटं जास्त लागतात. पण घरी कुणी वाटेकडं डोळे लावून बसत नाही." ती दहा मिनिटे फार स्वस्तात मिळाली, असे मला वाटते.