‘क्रॉप अप’: न सांगता उगवणारी अडचण

आज मी एकच फ्रेजल व्हर्ब घेतलंय: ‘क्रॉप अप’.

‘क्रॉप’ म्हटलं की आपल्याला शेतातलं पीक आठवतं, नाहीतर फोटो कापणं. पण ‘क्रॉप अप’ समजायला खाणीकडे बघा. जमिनीखालचा खडकाचा थर एखाद्या ठिकाणी वर येऊन उघडा पडतो, त्यालाही इंग्रजीत ‘क्रॉप’ होणं म्हणतात. रोजच्या बोलण्यातही तेच चित्र आहे: आधी दिसत नव्हतं, अचानक वर आलं. आपल्या मराठीत, ‘उद्भवलं’.

आता एक फरक. पाहुणे न कळवता आले की आपण म्हणतो, ‘टपकले!’ तिथे ‘टर्न अप’ वापरा. मोबाईलच्या स्क्रीनवर मध्येच जाहिरात आली, तर ‘पॉप अप’. ‘क्रॉप अप’ होते ती अडचण, काम, प्रश्न किंवा बोलण्यात निघालेला विषय. त्यामुळे ‘माय अंकल क्रॉप्ट अप’ असं म्हणू नका, काका काही अडचण नाहीत!

‘अडचण उद्भवली होती’ या वाक्यामुळे आपण पटकन ‘अ प्रॉब्लेम वॉज क्रॉप्ट अप’ म्हणून जातो. इथे ‘वॉज’ नको. अडचण आपली आपणच उगवते, तिला कुणी उगवत नाही. म्हणून सरळ, ‘अ प्रॉब्लेम क्रॉप्ट अप.’ लिहिताना ‘पी’ दोनदा, पण उच्चार ‘क्रॉप्ट’च.

याचा खरा उपयोग कुठे? समजा, चार वाजता ऑनलाइन मीटिंग आहे आणि तीनला आजीला दवाखान्यात न्यावं लागलं. घाबरून गप्प बसू नका, घरची सगळी हकिगतही लिहायची गरज नाही. मेसेज करा: ‘सॉरी, समथिंग अर्जंट हॅज क्रॉप्ट अप. कुड वी मीट टुमॉरो?’ ‘हॅज’ अशासाठी, की अडचण अजून चालू आहे. दोन वाक्यांत कारणही कळलं, वेळही मागून झाली आणि खासगी गोष्ट खासगी राहिली.

फक्त एक लक्षात ठेवा. परीक्षेची तारीख महिनाभर आधी माहीत असेल, तर ती आदल्या दिवशी ‘क्रॉप अप’ होत नाही. तिथे हा शब्द वापरला, तर इंग्रजी बरोबर येईल, पण ती थाप होईल. आणि पुढच्या वेळी खरंच काही उद्भवलं, तर समोरचा विश्वास ठेवणार नाही.

चला, या आठवड्यात तुमच्याकडे काय ‘क्रॉप अप’ झालं? एक वाक्य आत्ताच, मोठ्याने बोलून बघा. भेटूया पुढच्या भागात!